झिरोवालं गाव

अभिमन्यूच्या मोबाईलात एकशे ब्याण्णव घरं भरून झाली होती. राहिलं होतं एकच, त्याचं स्वतःचं.

"टाक की झिरो," सरपंच बजरंगअण्णा पारावरून म्हणाले. "बाकीच्या कुलपांना टाकलाच ना?"

टाकला होता. कुठल्या घरातून किती धूर निघतो, त्याचा सरकारी सर्वे आला ऐन ऊसतोडीत, अन भरायचं काम अभिमन्यूकडं. निम्म्याहून जास्त गाव कोयते घेऊन कारखान्यावर गेलेलं. कुलूप दिसलं की अण्णा सांगायचे, माणसं गावातच हायत म्हण. चूल झिरो, गाडी झिरो, लाईट झिरो. तालुक्यात ज्या गावाचा माणशी धूर सगळ्यात कमी, त्याच्या पाण्याच्या टाकीला सोलर पंप मिळणार होता. लाईट गेली की दोन-दोन दिवस नळ कोरडे. पंप सगळ्यांनाच पाहिजे होता, अभिमन्यूलापण.

"तालुक्याला, केजच्या मीटिंगमधी सायब काय बोलला? जर्मनीचा धूर झिरो होणार दोन हजार पंचेचाळीसला. चीन साठला. आपला देश सत्तरला. अन आपलं गाव? आजच!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "जर्मनीला म्हणावं, बस बे जीपमधी अन ये नांदूरघाटला. शिकवतो."

पारावरची म्हातारी माणसं हसली. अभिमन्यूपण हसला. मग त्यानं आईला फोन लावला, स्पीकरवर.

"आता फोन कावून?" अण्णांनी विचारलं.

"घरच्या बाईला इचारून भरा, असं लिवलंय."

त्याची आई, सत्यशीलाबाई, कोल्हापूरकडच्या उसाच्या फडात होत्या. मागं ट्रॅक्टर घरघरत होता.

"आई, दिवसाला सरपण किती जाळता?"

"हितं कुठलं सरपण? उसाचं वाळकं पाचट जाळतो. दोन येळा चूल, अन थंडी लई हाय, रातभर कोपीपुढं, झोपडीच्या दाराशी, शेकोटी. कावून रं?"

"अण्णा, ह्यो धूर कुठं धरायचा?"

"तिकडच्या गावात!"

"हितले म्हणतेत, तुमी आमच्या गावचे न्हाईत," सत्यशीलाबाई मधीच बोलल्या.

अभिमन्यूनं त्यांना पंपाचं सांगितलं. गाव पहिलं येतंय म्हणाला.

"बरं झालं बाई, पाण्याचं मिटंल." मग म्हणाल्या, "पण आमी माघारी आलो की नंबर जाईल का रं?"

फोन ठेवल्यावर अण्णांनीच विचारलं, "भरलं का?"

"भरलं. एक चूल, एक शेकोटी."

"अरे, एका घरानं काय व्हतंय? जाऊ दे. पाठव."

अभिमन्यूनं पाठवलं नाही, मोबाईलातल्या यादीत पार वर गेला. पहिलं कुलूप म्हाळूच्या घराचं होतं, पुढं चूल झिरो. त्यानं फडातल्या म्हाळूला फोन लावला.