साठीची खास भेट

साठीशांतीला सुनेनं दिलेलं बलून सफरीचं व्हाउचर ज्योत्स्नाबाईंनी कुंकू लावून देवापुढे ठेवलं. पितृपक्ष सरल्यावर पहिल्याच चांगल्या दिवशी ते घेऊन त्या बलूनच्या माळावर हजर झाल्या.

"सॉरी काकू," मॅनेजर गोड हसला. "गेल्या आठवड्यात अटी बदलल्या. आता पंचावन्न वयापर्यंतच."

"अहो, यावर 'साठीची खास भेट' असं छापलंय!"

"अटी कधीही बदलू शकतात, अशी अटच आहे ना."

केवढी ही माया! व्हाउचर विकताना कंपनीला बाईंचे गुडघे दणकट वाटले. उडवायच्या वेळी मात्र एकदम काळजी दाटून आली.

बाईंनी पदर खोचला. बलूनच्या टोपलीत चढून त्यांनी डबा उघडला आणि दशमी खायला घेतली.

"काकू, उतरा! लोक खोळंबलेत."

"उतरते की. आधी उडायचं, मग उतरायचं. माझ्या अटी बदलत नाहीत."