पाचवे छिद्र

सुज्ञ वाचकहो, रुपेरी पडद्यावरील एका तारकेने भर सभेत जे कृत्य केले, ते येथे यथामती निवेदन करीत आहे. राईचा पर्वत केलेला नाही.

कारखान्याच्या दालनात नवे यंत्र मांडलेले होते. पत्र्याची हातभर पेटी, दर्शनी भागी पितळी पाटी आणि पाटीवर संशोधक म्हणून मालकांचे नाव. उघड्या तारेला मनुष्याचा हात लागताच निमिषार्धात वीज तोडणारी अशी ती पेटी होती. उद्घाटनास पाचारण केलेल्या नटीसमोर फीत ताणलेली होती, तबकात कात्री होती.

"बाईसाहेब, यातलं तुम्हाला काही कळायची गरज नाही," मालक प्रेमाने म्हणाले. "फीत कापा, गोड हसा. बाकीचं आमचे इंजिनिअर सांगतील."

नटीची दृष्टी मात्र पेटीच्या झाकणावर खिळली होती. चार कोपऱ्यांत चार स्क्रू होते. आणि डाव्या अंगास, कशाच्याच उपयोगी नसलेले, एक पाचवे छिद्र.

"हे भोक कशाला हो?" तिने विचारले.

इंजिनिअर घसा खाकरून म्हणाला, "ते... हवा खेळती राहावी म्हणून. फार महत्त्वाचं असतं."

नटीचे केस विंचरण्यात उभी हयात घालवलेली मावशी मागे उभी होती. ती फिस्सकन हसली. "हवा कसली, मेल्या! तिथे आरशाची कडी होती!"

"माझ्या मेकअपच्या डब्याच्या आरशाची," नटी म्हणाली. "पहिली पेटी मी त्या डब्यातच बनवली, दोन शॉटच्या मध्ये बसून. आराखड्यात कडीचं भोकसुद्धा काढलं होतं. तुम्ही तेही सोडलं नाहीत."

सभेत कुजबुज उसळली. मालकांचे तोंड उतरले. "कुठला आराखडा?"

"अकरा वर्षांपूर्वी तुम्हालाच पाठवलेला. तो ठेवून घेतलात आणि उत्तरात माझा सहीचा फोटो मागितलात. मी तोही पाठवला."

एवढे बोलून तिने अंबाड्यातील आकडा उपसला.

"ताई, अगं केस सुटतील! अर्धा तास गेलाय माझा!"

"सुटू देत, मावशी."

आकड्याच्या चपट्या टोकाने तिने पितळी पाटीचे स्क्रू फिरविण्यास प्रारंभ केला. हात सराईत होता. एक निघाला. दुसरा निघाला.

मालक कानाशी लागले. "बाईसाहेब, लोक बघतायत."

"बघू देत की. त्यासाठीच तर बोलावलंत मला."

पाटी तिने तबकात कात्रीशेजारी ठेवली. फीत तशीच ताणलेली राहिली. मग मोकळ्या केसांनी पेटीशेजारी उभी राहून ती छायाचित्रकारास म्हणाली,

"आता काढा फोटो. ते पाचवं भोक नीट दिसलं पाहिजे."

वाचनाचे श्रम घेतल्याबद्दल उपकृत आहे.
आपला नम्र,
छापखान्यातील खिळे जुळविणारा