चौथी तार

शिरोड्याच्या खाऱ्या वाऱ्याने अरशदच्या बेस गिटारच्या तारा दोन महिन्यांत गंजायच्या. नव्या तारा मुंबईहून यायच्या, त्याही आठ दिवसांनी. म्हणून शो जवळ आला की तो मळ-गंज सुटावा म्हणून चारही तारा अम्मीच्या टोपात उकळायचा, तिची बोलणी खायचा आणि मागल्या दारी दोरीवर सुकत घालायचा. बँडबरोबर कुडाळच्या हेवी मेटल शोला निघताना बघतो तर दोरीवर तीनच! सगळ्यात बारीक तार गायब.

घर पालथं घातलं, पण व्यर्थ. शेवटी तीन तारांवरच गडी स्टेजवर चढला. पहिल्या गाण्याला दोनदा बोट रिकाम्या जागी गेलं. पण पब्लिक बेभान नाचलं, गायकाने घसा फुटेस्तोवर आरोळ्या ठोकल्या आणि ड्रमरने तर पाठच थोपटली, "आज काय वाजवलंस रे!" चौथ्या तारेची आठवण कोणालाच झाली नाही. अरशदचा जीव भांड्यात पडला, जरा दुखलाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी पोचला, तर पडवीत हातभर लांब सुरमई आणि होडीवरून आलेले अब्बा भलतेच खुशीत.

"अरे, दरवेळी ही दातांनी दोरी कापून पळता. ह्या टायमाक तुजी तार गळाक बांधलंय, तर हिका तोडूक जमला नाय!"

अब्बांनी गळाची तार प्रेमाने पुसली.



"बाकीच्यो तीन खंय आसत रे?"