उन्हातला सिनेमा

अर्जेंटिनाहून जुनाट ट्रक घेऊन सिनेमा बनवायला निघालेल्या लिसांद्रो आणि ओक्ताव्हियोला बोलिव्हियाच्या घाटात सैनिकांनी अडवलं. “काल संपकरी खाणकामगारांचं शूटिंग केलंत ना? ती फिल्म काढा. चेहरे बघून एकेकाला उचलतो!” अधिकारी गुरकावला. त्याच कामगारांनी दोघांना आपल्या घासातला घास दिला होता. लिसांद्रोनं फिल्मचे डबे चाचपले. खाणीवरचा कुठला, ओळखू येईना. त्यानं सरळ एक उघडून न धुतलेली फिल्म उन्हात ओढून निकामी केली. “वेडा झालास? अख्खा खंड पालथा घालून जमवलेला सिनेमा आहे रे आपला!” ओक्ताव्हियोनं हात धरला. “माणसं मारतील ते, गड्या!” हात झटकून लिसांद्रो भराभर डबे उघडत सुटला. बंदुकीचा दस्ता कानशिलात बसला, तसा तो धुळीत कोसळला. शेवटच्या डब्याकडे अधिकारी झेपावला. पण त्याआधीच ओक्ताव्हियोनं रडत रडत त्याचं झाकण उघडलं होतं.