बाबांचा हळू आवाज

“त्यो बघा, येडा राघू!” ज्योतीराम कुजबुजले, आणि वेडा राघूच काय, अख्ख्या बाभळीवरची पाखरं उडून गेली.

त्यांच्या मते ते कुजबुजणंच होतं. एकतीस वर्षं भोसरीच्या वर्कशॉपात पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर काढलेला माणूस तो. कान तिथेच कामी आले. स्वतःचा आवाज स्वतःलाच ऐकू येत नाही म्हटल्यावर तो हळू करायचा तरी कसा? वेडा राघू जवळ यावा म्हणून गटातला रणजीत वीस मिनिटं उकिडवा बसला होता. तो गुडघे चोळत उठला. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि ते त्यांच्या मुलीला, स्वरूपाला, जास्त लागलं.

बाबा रिटायर झाल्यापासून भिंतीकडे बघत बसायचे, म्हणून तिनेच त्यांना आपला जुना कॅमेरा दिला होता. लांबचं जवळ आणणारा. टेकडीवरच्या उद्यानात पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या या गटाबरोबर त्यांचा हा तिसरा रविवार. म्हातारा असा खुलला होता की आदल्या रात्रीच बूट काढून ठेवायचा.

गट अपेक्षाताईंचा. हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या, पक्ष्यांपुढे कुणाचं न ऐकणाऱ्या. त्यांनी स्वरूपाला बाजूला घेतलं.

“राग मानू नकोस. काका गोड आहेत गं. पण पुढच्या रविवारपासून त्यांना नको आणूस. सगळ्यांची सकाळ वाया जाते.”

स्वरूपाने मान वळवून पाहिलं. बाबा पार लांब, कडुनिंबाखाली उभे होते. कॅमेरा डोळ्याला लावलेला, तोंड याच दिशेला. स्वरूपाच्या मागच्या झुडपात काहीतरी शोधत असावेत. पुढच्या महिन्यात गटाचं प्रदर्शन होतं. त्यात पहिल्यांदाच स्वरूपाचे तीन फोटो लागणार होते. चार वर्षांच्या रविवारांची कमाई होती ती. नुसतं ‘बरं’ म्हटलं की भागत होतं. आपल्या आयटी ऑफिसात तरी ती काय करत होती? ‘वडील मॅन्युफॅक्चरिंगमध्ये होते’ म्हणायची आणि विषय बदलायची.

आज तिने विषय बदलला नाही.

“ताई, ते माझे बाबा आहेत,” ती म्हणाली. “प्रेस ऑपरेटर होते. त्यांचे कान गेले तेव्हा मी इंजिनिअर झाले. ते नसतील तर मीही नाही. प्रदर्शनातले माझे फोटो काढून टाका.”

“घरी जाऊन शांतपणे ठरव,” एवढंच बोलून अपेक्षाताई पुढे झाल्या.

सगळे ओढ्याच्या वाटेला लागले. स्वरूपा बोलून गेली खरी, पण ते तीन फोटो डोळ्यांपुढून हलेनात. त्यात बाबांचं काहीतरी बिनसलेलं. तासभर त्यांच्या तोंडून एक शब्द नाही. दमले असतील, तिला वाटलं.

आणि उतारावर एकाएकी ज्योतीरामांची मूठ वर गेली.

स्वरूपाचे पाय आपोआप थांबले. ही मूठ म्हणजे ‘प्रेस बंद’. त्या धडधडाटात हाक मारून उपयोग नसतो, सगळं हातानंच बोलायचं. लहानपणी घरात ही मूठ वर गेली की टीव्ही आणि भांडण एकदमच बंद व्हायचं. अपेक्षाताईंचा पाय पुढे पडणार, तोच स्वरूपाने त्यांची बॅग धरून त्यांना मागे ओढलं. बाबांचा तळवा खाली दबला. मग तीन बोटं. मग अंगठा उजवीकडे.

“खाली बघा,” स्वरूपा ओठातल्या ओठात म्हणाली. “तीन पावलांवर. उजवीकडे.”

तिथे वाळका पाला होता. सहा जण त्या पाल्याकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्यातल्या एका पानाने डोळा किलकिला केला. रातवा! रात्री बोलणारा आणि दिवसा मूग गिळून बसणारा पक्षी. कानाने शोधणाऱ्यांना तो दिवसा सापडत नाही. पत्र्यावरची केसाएवढी चीर हुडकण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या ज्योतीरामांना तो सापडला. हातांच्या खुणांनी त्यांनी एकेकाला जागेवर बसवलं, एकेकाला मागे घेतलं. सगळ्यांचे फोटो झाले, तरी रातवा हलला नाही.

लांब आल्यावर रणजीतने ज्योतीरामांचे दोन्ही हात धरले आणि सोडेचना. अपेक्षाताई त्यांच्या समोर जाऊन, चेहरा नीट दिसेल अशा उभ्या राहिल्या.

“काका, पुढच्या रविवारी सगळ्यांत पुढे तुम्ही. आणि आधी आम्हाला या खुणा शिकवायच्या.” मग त्या स्वरूपाकडे वळल्या. “तुझे फोटो लागणार. मघाशी चुकलंच माझं.”

स्वरूपाला इतका अभिमान वाटला की परतीच्या वाटेवर भेटेल त्या अनोळखी माणसालाही सांगावंसं वाटत होतं, हे माझे वडील.

फाटकाजवळच्या बाकावर तिने बाबांचा कॅमेरा मागून घेतला. रातवा बघायचा होता. कॅमेऱ्यात रातवा नव्हताच. त्यांचे हात खुणांत गुंतले होते ना. होते ते ओळीने अकरा फोटो, सगळे तिचेच. लांबून ओढून घेतलेला चेहरा, आणि प्रत्येकात तोंड वेगळं.

“बाबा, हे काय? पाखरं सोडून माझे फोटो कशाला?”

ज्योतीराम त्यांच्या त्या हळू आवाजात बोलले. रिक्षा स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली.

“धातले नऊ शब्द आमी कानानं न्हाई, ओठावरनंच ऐकायचो कंपनीत. आज कॅमेऱ्यातनं तुजे ओठ पोटभर ऐकले बघ. म्हनून म्हटलं, आता आपन गप ऱ्हायचं.” त्यांनी चौथ्या फोटोवर बोट ठेवलं. “ह्यात तू म्हनतीयास, ते माझे बाबा आहेत.”