बेसमेंटखालचा ठेका

अमेरिकेत, ट्रॉयला गिरिजाच्या घराच्या बेसमेंटमध्ये एकनाथकाकांचं कीर्तन रंगलं होतं. आख्यान टायटॅनिकचं. जहाज बुडेपर्यंत दिवे जळावेत म्हणून भट्टीत फावड्याने कोळसा टाकत राहिलेल्या आणि तिथेच बुडालेल्या कामगारांसाठी काकांनी गजर धरला, आणि पायाखालून कुणीतरी फावडं आपटत ठेका दिला.

"गिरिजा, खाली काय आहे गं?"

"काही नाही, काका. माती."

काका थांबले. तसा ठेका सुटला. बंद दारावर धडका द्याव्यात तसे ठोके सैरावैरा पडू लागले. काकांनी कळवळून पुन्हा गजर धरला. ठोके तालावर आले.

पण काकांचा गळा बसत चालला होता.

"आता आरती घेऊया का?" गिरिजाने निरांजन लावलं.

काकांनी हातानेच नको म्हटलं. पुढच्या ओळीला आवाज फुटलाच नाही.

खाली सगळं शांत झालं. मग काकांच्या मोज्यांना गार पाणी लागलं.