भुईवर घेतलेली

“तुमच्या पिशवीत येखादी सुई नाई का, ताई?” चंद्रभाननं पद्माला दारातच गाठलं. “मायले सोडवून टाका. तिचे हाल पाहवत नाई आता.”

पद्मा सेलूच्या त्या गल्लीत पहिल्यांदाच येत होती. वर्ध्याला समाजसेवेचं शिक्षण घेऊन ती नुकतीच कामाला लागली होती. ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तिथं जायचं, घरच्यांना शुश्रूषा शिकवायची, हे काम तिच्याकडे आलं होतं. असं कुणी तोंडावर विचारील, हे मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं.

“तशी सुई माझ्याकडे नाही. असती तरी कायदा तसं करू देत नाही,” ती म्हणाली. “मरण ओढून आणणं माझं काम नाही, चंद्रभानभाऊ. ते येईस्तोवर तुमच्या आईचा त्रास कमी व्हावा, एवढंच मी बघते.”

पुढच्याच खोलीत भागीरथाबाई सारवलेल्या भुईवर पडली होती. अंगाखाली एक घोंगडी, तीही विरलेली. पौषातली थंडी जमिनीतून वर येत होती. बाजेवर मरण येऊ नये म्हणून तिला खाली घेतलं होतं. त्या दिवशी श्वास लागला, डोळे फिरले, घरात रडारड झाली, तोंडात गंगेचं पाणी घातलं गेलं. आणि म्हातारीनं डोळे उघडून चहा मागितला! त्यालाही आता पंधरवडा होत आला. म्हातारी जाईना आणि बरीही होईना.

घराची मोठीच पंचाईत झाली होती. माय भुईवर असताना लेकानं किराण्याचं दुकान उघडलं असतं तर गावानं त्याच्या तोंडात शेण घातलं असतं. ऐन कापसाचा हंगाम, बाजार नुसता फुललेला, आणि चंद्रभान कुलूप लावून मायच्या उशाशी बसलेला. सून तानाबाई पायांना तेल चोळायची. नातवंडं येऊन बसायची. शेजारणी भजनं म्हणून जायच्या.

पद्मानं म्हातारीला कुशीवर वळवलं. पाठीची, कमरेची कातडी सोलवटून लाल झाली होती. ते बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“यांना आत्ताच्या आत्ता बाजेवर घ्या. खाली दोन गाद्या घाला.”

“अवो बाई, भुईवर घेतलेलं मानूस कोनी वर घेते काय?” तानाबाईचा तेलाचा हात तसाच राहिला. “बाजेवर जीव गेला तं गती नाई भेटत.”

“तशी वेळ आली की मी स्वतः खाली घेईन. रोज येईन, लागलं तर इथंच राहीन. चुकलं तर पाप माझ्या माथी.”

बराच वेळ हुज्जत चालली. पद्मा बोलून बोलून थकली, पण हटली नाही. शेवटी चंद्रभानच मध्ये पडला.

“वर घेतल्यावर मायले आजारी म्हनाचं का गेल्यातच जमा धराचं?”

“आजारी.”

“मंग आजारी मानसाच्या घरचं दुकान उघडलं तं कोनी नावं ठेवत नाई,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. नवराच वळल्यावर तानाबाईही फार ताणून धरेना. म्हातारीची बाज मागच्या खोलीतच होती. गाद्या घालून ती तयार करायला दोघं नवराबायको आत गेले.

पद्माला मनापासून बरं वाटलं. पहिलंच घर, आणि एवढी जुनी समजूत तिनं वाकवली होती. आता उचलायला हात लावावा म्हणून तिनं म्हातारीच्या खांद्याखाली हात घातला आणि ती चपापली. सगळ्यांशी बोलून झालं होतं. जिला उचलायचं, तिला मात्र कुणी विचारलंच नव्हतं. ‘आधी रोग्याला विचारा’ हे तर तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तिची तिलाच लाज वाटली.

“आजी, तुम्हाला बाजेवर घेऊ ना? पाठीची आग कमी होईल.”

भागीरथाबाईनं डोळे उघडले. मागच्या खोलीतून गाद्या झटकल्याचा आवाज येत होता. तिनं पद्माचं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर असेल असं पद्माला वाटलं नव्हतं.

“नोको वं पोरी, मले इथंच राहू दे. पाठ दुखते तं दुखू दे. त्या खोलीत सालभर बाजेवर होती, कोनी डोकावत नोतं. भुईवर आली, तवापासून माहा लेक माह्याजवळ बसते.”